चिमाबाईच्या ओवीचं टोक

४ डिसेंबर
आले एकदाची तुंगार्लीला! अब्बांनी कामशेतहून स्कूटरवर सोडलं. सरोजिनीकाकूंसाठी पाच किलो इंद्रायणी तांदूळही दिला. काकू ऐंशीच्या, बंगल्यात एकट्याच. त्यांच्या यजमानांनी, कैलासवासी गंगाधररावांनी, चाळीस वर्षांपूर्वी मावळातल्या बायकांच्या ओव्या टेपवर उतरवल्या होत्या. त्या मी संगणकावर आणायच्या. ध्वनिमुद्रणाची जुनी खोलीच मला दिलीय. झकास!

५ डिसेंबर
चोवीस बिटांच्या बारीक मापात घेतलेला आवाज सोळा बिटांच्या जाड मापात बसवताना ओवीचं विरत जाणारं टोक खरखरत तुटतं. त्यावर इलाज मजेदार आहे. आपणच त्यात बारीक, एकसारखी सरसर मिसळायची आणि कानाला कमी कळेल अशा उंच पट्टीत ती ढकलायची. मग तुटलेलं सलग होतं. चिमाबाईच्या ओवीवर करून पाहिलं. ओवी संपली, आणि त्या सरसरीखालून तिचाच आवाज आला : "भाऊ, मशीन बंद करा. मला जाऊ द्या." मग काहीतरी धाडकन आपटलं.

६ डिसेंबर
काकूंना ऐकवलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. चिमाबाई त्याच दिवशी नाहीशी झाली, लोक म्हणाले पळाली, असं सांगितलं. तेवढं टोक कापून टाक म्हणाल्या. मी नाही म्हटलं. आवाज पुसायला मला आणलेलं नाही.

७ डिसेंबर
टेप तेवढीच. फाईल मात्र चाळीस सेकंदांनी वाढलीय. "पोरी, मी हितंच हाय. फरशीखाली." अब्बा फोनवर म्हणाले, आत्ता न्यायला येतो. नको म्हटलं. तिला इथं टाकून मी जाणार नाही.

८ डिसेंबर
सरसर काढली — आवाज आहेच. हेडफोन काढला — तरी आहे. काकूंना सरळ विचारलं. रडल्या. यजमानांचा हात उठला, ती पडली ती उठलीच नाही. फरशी मीच बसवून घेतली, म्हणाल्या. आता घराण्याचं नाव घालवू नकोस म्हणे. म्हटलं, घालवणार. उद्या पोलिसांना फाईल पाठवतेय.

९, सकाळी
काकूंनी बाहेरून कडी लावलीय. मेन स्विचही पाडला. मोबाईल बाहेर दिवाणखान्यात राहिलाय. वीज नाही, टेप नाही — तरी स्पीकरमधून ती —
पायाखालची फरशी हलतेय. हलू दे.
खिडकी सताड उघडली. स्पीकर रस्त्याकडे वळवला. मोठ्यानं बोल म्हटलं तिला — बोलतेय! माणसं थांबलीत, इकडे बघतायत. काकू दाराबाहेरून ओरडतायत, बंद कर म्हणतायत. नाही करणार. फरशी तडकली — बोटं — मी हात धरलाय तिचा, ओढते —