मसाल्याच्या पानावर अनुजा

लालबाग, १० मार्च

श्रेयाताईस,
सा. न. वि. वि.

मोबाईल आपटून फुटलाय, म्हणून मेल. हसू नकोस.

अनुजाच्या बाबांच्या, रामदासकाकांच्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट मी बनवली. कॉलेज सोडल्यापासून ते मला ‘अर्धवट’ म्हणतात. म्हटलं, ऑर्डरी आल्या की बोलती बंद. उघडल्या उघडल्या स्क्रीनभर अनुजा, हातात मिरची. मागे लाल रंग, सोनेरी अक्षरं, नाचणाऱ्या मिरच्या. एक नंबर!

फोन खणखणले गं, पण मुलीची उंची किती, पत्रिका बघता का! प्रभादेवीचं एक कुटुंब तर पेढे घेऊन दुकानात हजर. काका कडाडले की, हो धंदो मसाल्याचो, वधू-वर मंडळ नाय; रविवारपर्यंत सुधार, नायतर उंबरठो चढा नको. माझंही डोकं फिरलं, पुढच्या फोनवाल्याला झाप झाप झापला. तो बिचारा खरंच मसाला मागत होता.

उंबरठा बंद म्हणजे अनुजा बंद. तू रोज वेबसाइटीच बनवतेस. वाचव.

तुझाच तापट,
रघू

गिरगाव, ११ मार्च

चि. रघू यास,
अनेक आशीर्वाद.

पान पाहून चहा सांडला. अरे, पानावर जे सगळ्यात मोठं, त्याचंच दुकान असं लोक समजतात. मसाला मुंगीएवढा, भाव लालावर सोनेरी, वाचताच येत नाहीत, आणि फोन नंबर नेमका तिच्या फोटोखाली! शेजारी ठेवलेलं लोक एकत्रच वाचणार ना?

वर मसाल्याचा एकच मोठा फोटो, त्याला लागून भाव आणि नंबर. पांढऱ्यावर काळी अक्षरं. लाल फक्त ऑर्डरच्या बटणाला. मिरच्यांना घरी पाठव. मोकळी जागा दिसली की तुझे हात शिवशिवतील. राहू दे, डोळ्यालाही टेकायला जागा लागते.

आणि अनुजाला सांगायचंय ते अनुजाला सांग, अख्ख्या इंटरनेटला कशाला?

मावशीला नमस्कार. माया आहेच, राग तेवढा कमी कर.
श्रेया

लालबाग, १४ मार्च

श्रेयाताईस,
सा. न. वि. वि.

सगळं केलं. अनुजाचा फोटो हटवताना जीव तुटला. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, आता दुकान वाटता. भायखळ्याहून ऑर्डरही आली. झापलेल्याची माफी मागून त्याचा मसाला पोचवला.

संध्याकाळी अनुजाने विचारलं, माझा फोटो कुठे गेला. म्हटलं, जागा चुकली होती. तर म्हणाली, त्या पानावरून अख्ख्या मुंबईने मला विचारलं, पान बनवणाऱ्यालाच तेवढं जमलं नाही. ताई, एवढा तोंडाळ मी, पण लग्नाचं विचारलं एकाच वाक्यात. हो म्हणाली! वर म्हणाली, बाबांशी मात्र तूच बोल.

उद्या आईला घेऊन काकांकडे जातोय. तूही ये. आणि शर्ट कुठला घालू? एकच रंग सांग.

लोभ उद्यापुरता जरा वाढव.
तुझा,
रघू