तुमच्यासाठी दिलेली पट्टी

बाबा, तुमच्या नावाची एक कापडाची पट्टी दहा महिने माझ्या कपाटात पडून आहे. चार बोटं रुंद, दोन हात लांब, पिवळी आणि हिरवी, मधे काळे चौकोन. घानातल्या एका विणकरांच्या गावात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती माझ्या हातात दिली, मुलीला इतक्या लांब पाठवणाऱ्या बापासाठी म्हणून. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही बरे आहात असं सांगितलं होतं.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात, आमच्या विभागाचा अभ्यासदौरा असतो, दोन आठवड्यांचा; त्यातच मी घानाला गेले. जंगल बघायचं, माणसं बघायची, आल्यावर अहवाल लिहायचा. आम्ही नऊ जण होतो, त्यात मराठी दोघी, मी आणि माझी नागपूरची रूममेट. पहिले चार दिवस जंगलात गेले. तिथे उंच झाडांच्या शेंड्यांतून दोरांचा पूल बांधला आहे आणि त्यावरून एकेकानं जायचं असतं. बाकीचे पक्षी दाखवत होते, मी वहीत काही लिहीत नव्हते, कारण एकही झाड मला ओळखता येत नव्हतं. मेळघाटातल्या वनखात्याच्या क्वार्टरमध्ये चौथीपर्यंत तुम्हीच माझी शाळा होतात. सकाळी तुमच्याबरोबर राउंडला जायचं, दुपारी व्हरांड्यात बसून पाहिलेलं लिहायचं. एकदा मी सात मोरांचे अकरा केले होते. तुम्ही वही वाचता, चहा संपवता, मग पेन्सिल माझ्याकडे सरकवून म्हणता, "जे चार दिसले नाहीत ते खोड. आणि बाजूला लिही, पाहिले नाहीत." मी लिहिते. तेव्हापासून मला साध्या फॉर्मवर सही करतानाही दोनदा वाचावं लागतं.

नंतर आम्ही किनाऱ्यावरचा किल्ला पाहिला. गुलाम म्हणून जहाजावर चढवण्याआधी माणसांना जिथे कोंडत, त्या खोलीत वाटाड्यानं दिवा मालवला. अंधारात कुणीतरी हुंदके देत होतं. मी पावलं मोजली, लांबी एकवीस, रुंदी अकरा. अहवालात तेच दिलं.

विणकरांचं गाव शेवटच्या दिवशी आलं. तिथे पाहुणा आला की आधी बसवतात, पाणी देतात, आणि पाणी पिऊन झाल्यावरच विचारतात की कशासाठी येणं केलंत, घरची माणसं कशी आहेत. वाटाड्या आमचं इंग्रजी त्यांना सांगायचा आणि त्यांचं आम्हाला. "घाबरू नका, उत्तर एकच असतं, सगळं ठीक आहे. अडचणी नंतर सांगायच्या," असं त्यानं गाडीतच हसत सांगून ठेवलं होतं. म्हाताऱ्या विणकरांनी मला विचारलं, "आई?" मी म्हटलं, बरी आहे. "वडील?" मी म्हटलं, बरे आहेत. ते मान हलवून पुढच्याकडे वळले. इतकंच झालं.

मग त्यांनी पेल्यातली दारू थेंब थेंब जमिनीवर सोडत आपल्या गेलेल्या विणकरांची नावं घेतली. वाटाड्या म्हणाला, पाहुण्यांनीही आपल्या गेलेल्या माणसांची नावं द्यावीत. रूममेटनं आपल्या आजीचं नाव दिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "आजी वासानेच उठून बसेल यार, जन्मभर कांदा नाही खाल्ला तिने." आपल्याकडे पाणी सोडणं मुलाचं काम. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून पितृपक्षात तुमच्यासाठी कुणी काही करत नाही. त्या गावात कुणी मुलगा की मुलगी विचारत नव्हतं. माझी पाळी आली. अर्ध्या तासापूर्वी मी तुम्ही बरे आहात म्हटलं होतं. मी मान हलवली, कुणी नाही. पेला पुढे गेला.

निघताना त्यांनी मागावरची पट्टी कापून माझ्या उजव्या हातात ठेवली. "बापाला सांग, लांबीला कमी आहे, पण कड सरळ आहे. आणि तो काय म्हणाला ते मला कळव." वाटाड्यानं माझा ईमेल पत्ता लिहून घेतला.

परत आल्यावर रूममेट दोनदा म्हणाली, "अगं, काकांना पाठवलंस की नाही? माझी मावशी जातेय पुण्याला, तिच्याकडे दे, ती तिथून कुरिअर करेल." मी म्हटलं, पाठवते. पट्टी हिवाळ्यातल्या स्वेटरांखाली ठेवली. परवा वाटाड्याचा ईमेल आला. विणकर आता आजारी आहेत, अंथरुणाला आहेत, आणि विचारतात की मुलीच्या बापाला कड कशी वाटली. कड फार सरळ आहे असं मी लिहिलं असतं तर ते खोटंही नव्हतं, आणि त्या म्हाताऱ्यांना तेवढंच हवं होतं. दोन दिवस मी जेवताना, लॅबमध्ये, बसमध्ये ते एक वाक्य जुळवत राहिले.

आज सकाळी मी खरं ते लिहिलं. माझे वडील मी सोळा वर्षांची असताना गेले, मी तुम्हाला खोटं सांगितलं, त्यांचं नाव द्यायला हवं होतं, हे त्यांचं नाव. त्यांच्या मनात असेल तर अजूनही त्या नावानं पेल्यातले थेंब सोडावेत, असंही लिहिलं. खोटं का बोललात असं ते विचारतील म्हणून कारणही दिलं. आमच्याकडे ख्यालीखुशालीला सगळं ठीक म्हणायची सवय असते, तोंडातून निघून गेलं. मग पाठवून टाकलं.

हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे सांगते. सवय नव्हती ती. तुम्ही गेलात त्या दिवशी क्वार्टर्समधल्या काकू मला एकेक करून जवळ घेत होत्या आणि माझं तोंड वर करून बघत होत्या. माझे डोळे कोरडे होते. एक जण दुसरीला म्हणाली, "पोरगी दगड झालीये." नाही झाले होते, बाबा. मला काहीच होत नव्हतं. त्या गावातही मी तुम्ही गेलात असं म्हटलं असतं, तर ते म्हातारे उठून माझ्याजवळ आले असते, आणि मला परत काहीच झालं नसतं. ते त्यांना दिसू नये, म्हणून मी तुम्हाला जिवंत ठेवलं.