चार ओळी लिहून पाठव

१२ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्याइतके नाहीत.

सहा वर्षांनी पत्र आलं तुझं, तेही कामापुरतं. "पंडितीणबाई, आपला रंग अंधारात चमकतो कसा, तेवढं चार ओळींत लिहून पाठव. इस्पितळाच्या समितीपुढे बोलायचंय." शोध ज्याच्या नावावर नोंदलेला, त्यानेच हे विचारावं! धन्य आहेस.

लिहून घे. रंगातल्या भुकटीवर उजेड पडला, की तिच्यातले इलेक्ट्रॉन उसळी मारून वर जातात. परतताना काही जण वाटेतल्या खळग्यांत अडकतात. खळगे आपणच केलेले, दुसऱ्या धातूचा चिमूटभर अंश मिसळून. दिवा मालवला, तरी खोलीची ऊब त्यांना एकेक करून सोडवत राहते. सुटलेला खाली येतो आणि जवळची ऊर्जा प्रकाश म्हणून टाकून देतो. जळत काहीच नाही. साठवायचं आणि सावकाश परत करायचं. मला हा स्वभाव फार आवडतो.

आईच्या उशाशी मी बसले होते, त्या आठवड्यात तू माझी वही उतरवून घेतलीस. पानाच्या तळाशी दोन वाक्यं होती: "न पेषयेत्। जलं वर्जयेत्।" स्तोत्र समजून सोडून दिलीस ना? लहानपणापासून हसायचास माझ्या संस्कृतला. अर्थ असा: वाटू नये, पाणी टाळावं. तू गुळगुळीतपणासाठी भुकटी पिठासारखी दळलीस, वर वास नको म्हणून पाण्याच्या रंगात कालवलीस. दळल्याने निम्मा उजेड गेला, पाण्याने उरलेला. अंधारात पायऱ्या दिसाव्यात म्हणून इस्पितळाच्या जिन्यावर मारलेल्या तुझ्या पट्ट्या केव्हाच मेल्यात. मी दिवे मालवून पाहून आले.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, हे कबूल. नाही कळवलं. इस्पितळाला मात्र त्याच दिवशी कळवलं. तुझ्यापायी कुणाचा पाय का मोडावा? आता प्रत्येक पायरीवर तुझ्या पट्टीशेजारी माझी आहे.

परवा सकाळी अकराला समिती जिन्याची दारं लावून दिवे मालवणार आहे. वरच्या चार ओळी पाठ करून ये, बिनचूक आहेत. खोटं शिकवायची गरजच पडली नाही. मग अंधारात अध्यक्षबाई विचारतील, "यातली चमकतेय ती कुणाची?"

मी एक अक्षर बोलणार नाही. उत्तर तू द्यायचंस.

वहिनींना नमस्कार. त्यांनाही घेऊन ये.

तुझी पाठची बहीण