बरगडीखालचं डोकं

माहीम (ता. पालघर), मंगळवार, १२ जानेवारी १९८२

आठवा महिना लागला म्हणून आज सासूबाईंबरोबर पालघरला तपासणीला जाऊन आले. वजन, रक्तदाब, सगळं ठीक. मग डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि माझाच हात धरून उजव्या बरगडीखाली ठेवला. कडक, गोल काहीतरी. म्हणाल्या, "हे डोकं. पाय खाली आहेत अजून. वेळ आहे, फिरेल. दोन आठवड्यांनी या."

मी घाबरले. सासूबाई मात्र खूश! "पायाळू हाय, नशीबवान हाय," असं एसटीत ओळखीच्या सगळ्यांना सांगून झालं. पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणे. घरी पोचतो न पोचतो तोच शेजारच्या काकींनी त्यांच्या कमरेसाठी नंबरही लावून ठेवला. जन्माआधीच गिऱ्हाईक! मला हसू येईना, रागच आला. यांना काळजी कशी वाटत नाही? माझा हात सारखा त्या बरगडीखाली जातोय. आहे, तिथंच आहे. कडक, गोल.

मघाशी दिवेलागणीला चहा ठेवायला उठले, तर सासूबाई देवापुढे बसलेल्या. मी आलेलं त्यांना कळलं नाही. हात जोडून हळूच म्हणत होत्या, "आई, मला पायाळू नको. कुणाची कंबर धरली तर मी तेल चोळीन. तू तेवढं त्याला फिरव."

पाय न वाजवता परत येऊन बसले. चहा राहिलाच.