मास्टरांचा रोखीचा सूट

सोमवार, ४

पोहोचलो. वार्ताहराच्या नशिबी बदल्या आणि बदल्यांच्या नशिबी भाड्याच्या खोल्या; पण ही खोली बरी निघाली. दोन खिडक्या, एक टेबल आणि हात लावला की डावीकडे कलणारं कपाट. माझाही डावा खांदा शाळेच्या दप्तराने कायमचा उतरवलेला आहे, तेव्हा आमचं जमेल. बायको मला 'तराजू' म्हणते. गर्दीत तुम्हाला शोधायला चेहरा लागत नाही, उतार दिसला की पुरे, असं तिचं मत. मुलीला मावशीकडे सोडून ती सतराला, रविवारी येईल.

संपादक भेटले. सज्जन गृहस्थ. माझ्या ढगळ शर्टाकडे पाहून त्यांनी कळवळून सांगितलं, की इथे सुटाशिवाय कोणी बातमी देत नाही. खरंच, रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष सुटात, आणि काय बसलेत एकेकाला! पोस्टमनलासुद्धा.

मंगळवार, ५

संपादकांनी सुचवलेल्या शिंप्याकडे गेलो. त्यांना सगळे मास्टर म्हणतात. दुकानात पाटी: 'फक्त रोख. पावती मिळणार नाही.' एवढी अर्थघन रचना सूत्रकारांनंतर प्रथमच वाचली. भाव मात्र इतका कमी, की पुन्हा विचारून घेतला. तेवढ्या पैशांत माझ्या जुन्या शिंप्याने बटणंही लावली नसती. मास्टर म्हणाले, कापडाची चळत रचून सगळे कोट एकदम कापतो, म्हणून परवडतं. मग मापं कशी घेता, असं विचारलं, तर त्यांनी टेप माझ्या अंगावरून फिरवली, हुं हुं केलं आणि काहीच लिहून घेतलं नाही. मौखिक परंपरा अजून जिवंत आहे म्हणायची.

शुक्रवार, ८

पहिली ट्रायल. प्रथमग्रासे मक्षिकापातः. पोटावर बटण लागेना, डाव्या खांद्यावर कोट पोकळ. मास्टरांना दाखवलं. म्हणाले, "दिसतंय. घेऊ दुरुस्त करून." खडू काढला आणि रेघ ओढली, पण कोटावर नाही. माझ्या मानेपासून खांद्यापर्यंत, कातडीवर. दुसरी पोटावर, तिसरी गळ्यावर. मी म्हटलं, मास्टर, कापड इकडे आहे. ते हसले, मीही हसलो. गुदगुल्या झाल्या हे खरं.

आंघोळीत रेघा गेल्या नाहीत. साबणच भिकार.

सोमवार, ११

दुसरी ट्रायल. कोट असा बसला, की आरशासमोरून हलवेना. मग लक्षात आलं, की कोटाला कुठेही हात लागलेला नाही. तेच कच्चे टाके, जिथल्या तिथे.

खोलीवर येऊन शर्ट काढला. डावा खांदा सरळ. पोट गायब. बायकोला फोन केला, तर म्हणाली, "इतकी वर्षं सरळ उभे राहा म्हणून माझा घसा कोरडा पडला, तेव्हा नाही झाला! तिथल्या हवेत काय जादू आहे?" मीही हसलो. मग तिने विचारलं, तुमचा आवाज असा का येतोय, भलतंच कोणी बोलल्यासारखा?

गळ्यावरची रेघ आता बोटाला लागते.

मंगळवार, १२

आज माणसं नीट पाहिली. म्हणे वार्ताहर! घरमालक, संपादक, पोस्टमन: एक उंची, एक चाल, एक आवाज. चेहरेसुद्धा, रोखून पाहिलं तर, एकाच ओळीचे पाठभेद. मालकीणबाईंना विचारलं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, आमचे हे घरात आहेत की तुमच्याकडे बसलेत, ते मी हल्ली विचारत नाही; जेवायच्या वेळी जो येतो त्याला वाढते. विनोद समजून हसायला गेलो. त्या हसत नव्हत्या.

बुधवार, १३

कोट परत करायला गेलो. मास्टरांनी पावती मागितली. चिडले नाहीत, उलट समजूत काढली. "साहेब, ज्याचं त्याचं माप घेत बसलो तर या भावात परवडेल का? फर्मा एकच." खिळ्याला टांगलेला पुठ्ठ्याचा आकार दाखवला, त्यावरूनच सगळी चळत कापतात. "कोट फर्म्याचं ऐकतो, माणूस कोटाचं." शरीर हे आत्म्याचं वस्त्र, एवढं शिकलो होतो. शरीर हे कोटाचं अस्तर, हे नवीन.

कोट तिथेच टाकून आलो. खांदा सरळच.

पण मी ऐकणार नाही. लोक ताठ मानेने जगायला लढतात, मी वाकड्या खांद्यासाठी लढेन. तो माझा आहे, कमावलेला आहे. रविवारी माझ्या बायकोपुढे या शहराने भलताच माणूस उभा करायचा नाही.

गुरुवार, १४

मास्टर जेवायला गेले होते. दुकान उघडंच. फर्मा उतरवला, त्यावर माझा जुना शर्ट अंथरला आणि त्यांच्याच कात्रीने डावा खांदा कापला. तिरका. गळा माझ्या शर्टाचा. पोटाला पुठ्ठ्याची पट्टी डकवली, सढळ हाताने. 

शुक्रवार, १५

खांदा उतरला! पोट परत आलं! फोनवर बायको म्हणाली, आता कसे तुमच्यासारखे बोलताय. जिंकलो, मास्टर.

संध्याकाळी जिन्यात घरमालक भेटले. त्यांचा डावा खांदा— आणि पोट—

शनिवार, १६

सगळे. पोस्टमन. संपादक. माझी बातमी परत देताना म्हणाले, "अलम्." 'पुरे'साठी घरी वापरतो, तो माझा शब्द आहे. इथे कोणापुढे उच्चारलेला नाही.

मास्टर दारातच उभे. खूश. म्हणाले, जुना फर्मा झिजलाच होता, बरं झालं. मी फर्मा परत मागितला. नवी चळत कापून झाली होती.

येऊ नकोस म्हणून सांगायला मावशीकडे फोन केला. मुलीने उचलला. आई निघाली. आणि म्हणाली, "असं काय करता बाबा, मघाशी तुम्हीच नाही का फोन केलात? नक्की ये म्हणालात."

मी नाही केला.

रविवार, १७

बसस्टँडवर, बाकावर. शेजारी दोघे. उभे कितीतरी. सगळे तिरके. अद्वैताचा असा प्रत्यय नको होता.

घाबरलेलो नाही. म्हणजे आहे. पण उठणार नाही.

बस आली.

उतरली. बॅग खाली ठेवून बघतेय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा.

हाक मारली. "अहो!"

सगळे म्हणाले, "ओ."

मी नाही. मुद्दाम नाही. लिहायला बसलो की मी ओ देत नाही, आमचं जन्माचं भांडण. ओ न देणारा तो मी. तिला कळेल. मान वर करणार नाही. तुम्ही द्या लेको ओ, द्या—

शेजारचा गप्प झाला. त्यानेही खिशातून वही—

पावलं. तिचीच. जवळ. चप्पल दिसतेय.

पुढे गेली— नाही, थांबली. वळली. म्हणतेय, "मी मेली हाका मारून थकले, जरा मान वर करा की!" हसतेय. पण कोणाकडे बघून, ते—