निधन वगळून

३० ऑगस्ट २०२५
आज ह्यांचं नाव लिहिलं! तोंडानं कधी घेतलं नाही, लग्नातल्या उखाण्यापुरतं तेवढं. आरोही म्हणाली, "आई, पूर्ण नाव टाक, दोन्हीकडे अवतरण चिन्हं. मग अगदी तेवढंच शोधेल." टाकलं. "उमाशंकर मुळ्ये".

बारा वर्षं झाली. भैयासाहेबांशी — माझ्या सासऱ्यांशी — भांडून इथून, देवासहून, धारच्या बसमध्ये बसले ते गेलेच. सासरे वारले तेव्हाही आले नाहीत. आता अक्का — माझ्या सासूबाई — मागे लागल्यात. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून दहन करायचं. सर्वपित्रीच्या आत. पोटच्या मुलाचं! मी सांगितलं, एकवीस तारखेपर्यंत शोधते. नाही सापडले तर करा काय करायचं ते.

३१ ऑगस्ट
लेकीनं तिचा जुना लॅपटॉप मला ठेवला. शोधायचा मजकूर तिनंच बांधून दिला — नाव, धार, ह्यांचा विषय म्हणून गणित, फक्त पीडीएफ. आणि शेवटी वजाबाकीची खूण लावून तीन शब्द: निधन, स्वर्गीय, श्रद्धांजली. "हे असलं की ती पानं येतच नाहीत. नुसता कचरा असतो, आई." बरंच झालं. आपल्यात कुंकू संपलं तरी 'वाढलं' म्हणतात, असले शब्द हवेत कशाला! "काही बदलू नकोस हं," असं तीनदा बजावून इंदूरला कॉलेजात गेली.

५ सप्टेंबर
काही नाही.

९ सप्टेंबर
कन्नौदला एक उमाशंकर मुळ्ये निघाले! फोटो उघडेपर्यंत जीव टांगणीला. पाहते तर विशीतला पोरगा, मिशीवर ताव देतोय. हसावं की रडावं!

अक्का जपाची माळ थांबवून म्हणाल्या, "विद्या, पुरे कर गं. अब जो होना है, हो जाने दे." मी ताडकन बोलले, "आई आहात की वैरीण?" बोलायला नको होतं. रात्री जेवल्या नाहीत.

१४ सप्टेंबर
गुरुजी सामानाची यादी देऊन गेले. दर्भ, पळसाची पानं, काळे तीळ. नारळ — डोक्याच्या जागी.

१७ सप्टेंबर
संतापानं शेवटचे तिन्ही शब्द पुसून टाकले. एकच पान आलं.

धार जिल्ह्यातल्या निसरपूरच्या पुनर्वसन वसाहतीतल्या कुठल्याशा शाळेची हिंदी स्मरणिका. "स्व. उमाशंकर मुळ्ये, जो बच्चों को निःशुल्क गणित पढ़ाते रहे. निधन ११ फरवरी २०२२." फोटो ह्यांचाच. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. एवढंही करायला कुणी नव्हतं का हो जवळ?

त्यानंतरच्या चार वटपौर्णिमा! उपाशीपोटी वडाला दोरा गुंडाळत होते मी, ह्यांच्या आयुष्यासाठी. न्हाणीघरात नळ सोडून रडले. अक्कांना ऐकू जायला नको होतं.

१८ सप्टेंबर
सकाळी अक्कांना सांगितलं. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. कुंकू पुसायला गेले तर हात धरला, "राहू दे आजच्या दिवस." गुरुजींना कळवलं, पुतळा नको, खरी तिथी मिळाली.

दुपारी फोटो पुन्हा बघायला बसले आणि एकदम आठवलं. मी उघडलेल्या पानांची नावं जांभळी होतात, न उघडलेली निळी राहतात. हे पान काल पहिल्यांदा आलं तेव्हाच जांभळं होतं. मी हात लावायच्या आधी! ह्या लॅपटॉपवर आम्ही दोघीच. आरोही आणि मी.

१९ सप्टेंबर
आरोहीला फोन केला. म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच सापडले होते बाबा. तुझ्या कपाळाकडे बघून सांगवेना." तेव्हा मैत्रिणीचं लग्न म्हणून कुक्षीला गेली होती. लग्न नव्हतंच. निसरपूरला जाऊन आली. नर्मदेत एकटीनं उभं राहून बापाला तिलांजली दिली. एकोणीस वर्षांची पोर!

घरी आली तेव्हा मी तिच्यावर रागावले होते. लग्नघरातून अक्कांसाठी एक लाडूसुद्धा आणला नाहीस म्हणून.