अर्थ आयता?

४ ऑगस्ट, सोमवार.
पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापनासाठी तयार करण्याचे काम विभागप्रमुख हयग्रीव सरांनी अखेर योग्य हाती, म्हणजे माझ्या हाती, सोपवले. पुढच्या महिन्यापासून ही मंडळी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवणार. २२ तारखेला नमुना-पाठ. तो पसंत पडला तर माझा कोर्स साऱ्या विद्यापीठात सक्तीचा होईल आणि मी त्याचा संचालक. पसंत न पडण्याची शक्यता विचारात घेतलेली नाही.
संकल्प : रोज एक नियम. नियम पहिला : वर्गाला ‘समजले का?’ असे कधीही विचारू नये. भिडेखातर सारेच ‘हो’ म्हणतात.

७ ऑगस्ट, गुरुवार.
‘शिक्षकाने सलग दहा मिनिटांहून अधिक बोलू नये’ या विषयावर दुपारभर बोललो. चहाची सुट्टी रद्द करावी लागली. शेवटी आस्थेने विचारले, अर्थ आयता? इथल्या म्हैसूरच्या कन्नडमध्ये ‘समजले का’. (नियम पहिला मराठी प्रश्नापुरता आहे, स्थानिक भाषेत तोच प्रश्न शिष्टाचार ठरतो.) सर्वांनी एका सुरात ‘आयतु सर’ म्हटले आणि तत्परतेने बॅगा उचलल्या. आकलन : पूर्ण.

११ ऑगस्ट, सोमवार.
वर्गात भव्या नावाची विद्यार्थिनी आहे. पूर्वज मराठा सैनिक, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूर. मराठी गोड, परंतु सदोष. आज म्हणाली, अल्ला सर, स्वल्प आम्हाला पण बोलायला द्या की, सुम्ने बसून कसं येईल शिकवायला? मी तत्काळ ‘अल्ला’च्या जागी ‘तसे नव्हे’, ‘स्वल्प’च्या जागी ‘थोडे’ आणि ‘सुम्ने’च्या जागी ‘नुसते’ अशी दुरुस्ती केली. दुरुस्त वाक्याचा विचार करण्यास वेळ उरला नाही.
२२ तारखेचा नमुना-पाठ तीच देणार, आणि तो फसला तर तिची शिष्यवृत्ती थांबते. वडील येसाजीराव तिला कृष्णराजनगरच्या दुकानात बसवायला टपलेलेच आहेत. म्हणून तिच्यासाठी विशेष परिश्रम : माझेच भाषण लिहून पाठ करायला दिले.

१४ ऑगस्ट, गुरुवार. घरी.
आकलनाची वार्ता सौ. सरोजिनीला सांगितली. ती हसली. म्हणाली, अहो, ‘आयतु’ म्हणजे ‘झालं’. भाजीवाली पिशवी भरली की आयतु म्हणते, रिक्षावाला हिनकलला आपल्याला उतरवून आयतु म्हणतो. तुमची पोरंही तेच म्हणताहेत, उतरू द्या आता.
तिचे कन्नड बाजारातले आहे. माझे शैक्षणिक.

२० ऑगस्ट, बुधवार.
रंगीत तालीम. भव्याने भाषण घडाघडा म्हटले, मध्येच एक ओळ सुटली आणि पुढचे सारेच गेले. हातातला खडू पडला. डोळे ओले झाले. खडूच्या धुळीची ॲलर्जी असावी. गगन नावाचा मागच्या बाकावरचा विद्यार्थी तिला पाणी देताना म्हणाला, सरांचं सोड, तुझं तू सांग. बेशिस्त. त्याच्या नावापुढे खूण केली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.
नमुना-पाठ. विषय घसारा : वापराने मालमत्तेचे मूल्य घटणे. भव्याने माझे भाषण टेबलावर पालथे घातले आणि वडिलांची जुनी स्कूटर विकायची आहे, काय द्याल, असे थेट वर्गालाच विचारले! गलका. एक म्हणे, आधी टायर दाखवा. दुसरा म्हणे, येलवालच्या खड्ड्यांतून रोज गेलेली गाडी फुकट दिली तरी नको. त्यातून किंमत का आणि कशी घटते ते फळ्यावर आले. मग ती म्हणाली, कळलेलं राहू दे, कुठं अडलं ते सांगा. हात वर होत गेले. तास संपला तरी कोणी उठेना. शिस्तीचे गुण कापले.
हयग्रीव सर मात्र गालात हसत होते. मला म्हणाले, आता तुम्हीही दाखवा की एकदा. दाखवले. व्याख्या, उपव्याख्या, अपवाद, अपवादांचे अपवाद. शेवटी : अर्थ आयता? ‘आयतु सर!’ असा गजर झाला आणि दार कमी पडले. एवढे एकमत भव्याला साधले नव्हते.

२५ ऑगस्ट, सोमवार.
भाकीत खरे ठरले. कोर्स सक्तीचा झाला. भव्याची शिष्यवृत्तीही कायम. कोर्स तूर्त तीच चालवील. हयग्रीव सर म्हणाले, तुमच्यासारखा अनुभवी माणूस वर्गात हवाच. संचालकपदाविषयी खुलासा विचारला. ते म्हणाले, वर्गात म्हणजे बाकावर. सक्ती सर्वांना आहे.
प्रशासनाला तटस्थ निरीक्षक हवा असणार.

१ सप्टेंबर, सोमवार.
मागच्या बाकावर, गगनशेजारी. भव्याने मला पाच मिनिटे शिकवायला उभे केले. प्रस्तावनेतच वेळ संपली. तिने विचारले, कुणाकुणाला कळलं नाही? सगळे हात वर. गगनचे दोन्ही.
मग तिने मला समोर बसवून माझे कुठे चुकते ते शांतपणे, उदाहरणे देऊन सांगितले. बरेच सांगितले. माझे लक्ष घड्याळाकडे होते. शेवटी मिस्कीलपणे म्हणाली, अर्थ आयता, सर?
आयतु, म्हटले. आणि बॅग उचलली.